राग आधी की गवई? डिजिटल साठा लावण्यावरून वाद

टेपवाला (नवी पेठ)

सोलापुरातले माझ्या ओळखीचे बहुतेक कानसेन कॅसेटी संगणकावर उतरवून मोकळे झालेत. उतरवणे झाले, लावणे राहिले. कोणाचीही हार्डडिस्क उघडा, 'ट्रॅक ०१', 'साइड ए', 'भीमसेन नवीन', 'भीमसेन नवीन २' असला कारभार. म्हणून मुद्दाम वाद काढतोय आणि माझी बाजू आधीच सांगून टाकतो: हिंदुस्थानी संगीताचा साठा रागावर लावावा, कलाकारावर नव्हे.

कलाकार, अल्बम, गाणे ही चौकट चार मिनिटांच्या गाण्यांसाठी बनली. आपल्याकडे अल्बम ही वस्तूच उपरी. मैफलीला कसला आलाय अल्बम? सी-९० कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची, त्यामुळे विलंबित (संथ) एका बाजूला, द्रुत (जलद) दुसऱ्या बाजूला आणि तराणा भलत्याच कॅसेटवर. तिन्ही मिळून एक यमन. संध्याकाळी यमन ऐकायचा झाला की माझ्याकडचे सगळे यमन एका जागी दिसले पाहिजेत. मग त्यातला कोणाचा, ते ठरवेन.

माझी पद्धत अशी. फोल्डर रागाचे, आत कलाकार, त्याच्या आत गाव आणि वर्ष. टॅगमध्ये, म्हणजे फाइलच्या आतच साठवलेल्या माहितीत, 'अल्बम'च्या रकान्यात राग-कलाकार-प्रसंग, 'शीर्षक'मध्ये लय, ताल आणि बंदिशीचा मुखडा. 'जॉनर'मध्ये, म्हणजे प्रकारात, ख्याल, धृपद, ठुमरी, नाट्यपद. तिथे 'क्लासिकल' लिहिण्यात काही अर्थ नाही. एमपीथ्रीच्या जुन्या टॅगमध्ये जॉनरचे क्रमांक ठरलेले असत. क्लासिकलचा ३२, आणि तो म्हणजे बीथोवनचा वर्ग. ख्यालाला त्या यादीत जागाच नव्हती.

बोला.

घराणेदार

साफ अमान्य. राग हा पाया म्हणून धरताय, पण रागाचे नाव स्थिर आहे कुठे?

दुर्गा घ्या. एक बिलावल थाटाचा (थाट म्हणजे स्वरांवरून पाडलेला रागांचा गट), सा रे म प ध. दुसरा खमाज थाटाचा, त्यात गंधार आहे, दोन्ही निषाद आहेत. एकाच फोल्डरात ठेवणार? चंद्रकंस घ्या. जुना बागेश्रीच्या अंगाचा, कोमल निषादाचा. आज सगळे गातात तो मालकंसात शुद्ध निषाद घालून होतो. कौशी कानड्याचे असेच दोन प्रकार, एक बागेश्रीकडे झुकणारा, एक मालकंसाकडे. उलट नंद आणि आनंदी हा राग एकच, पण तुमच्याकडे दोन फोल्डर होणार, कारण एका कॅसेटवर हे छापलेय आणि दुसऱ्यावर ते. जयपूर-अत्रौली घराण्याच्या, दोन राग मिसळून केलेल्या जोडरागांपाशी तर तुम्ही हात टेकाल.

गवयाचे नाव मात्र वादातीत असते. मिरजेत अब्दुल करीम खाँ, कुंदगोळला सवाई गंधर्व, हुबळीला गंगूबाई हनगल. आपण सोलापूरकर या पट्ट्याच्या कडेला बसलेलो. इथल्या ऐकणाऱ्याला 'मारवा' आठवत नाही, 'गंगूबाईंचा मारवा' आठवतो. घराणे, गवई, मग राग. हा क्रम कानाने लावलेला आहे, संगणकाने नव्हे.

काय_बे_सोलापूर

मालक, एवढा उपद्व्याप कशाला करालाव? फाइलच्या नावात सगळं लिवा, शोधायच्या खिडकीत 'मारवा गंगूबाई' टाका, आलं समोर. फोल्डर बिल्डर काय नको.

आन गाडीत पेनड्राइव्ह लावलं की टॅग कोण वाचतंय बे. माझा जुना डेक फाइलच्या नावाच्या क्रमानं वाजवतंय. पुण्याला निघालं की बडा ख्याल मोहोळपर्यंत चालतो, द्रुत सुरू होईल म्हणून मी ताल धरून बसतो, आन मधीच कोणाची तरी कव्वाली. का? तर 'द'च्या आदी 'क' येतो म्हणून. तवापासून ०१, ०२ असे आकडे टाकतो. त्याच्या पलीकडं काय लागत नाय.

टेपवाला

आकडे हवेतच, ते मी गृहीत धरले होते. पण सगळे फाइलच्या नावात कोंबले की नाव हातभर होते, आणि कोणी फोनवर पाठवले की बऱ्याचदा ते नाव जाऊन भलतेच आकडे येतात. टॅग फाइलच्या पोटात असतो, तो तिच्याबरोबर जातो.

घराणेदार, दोन दुर्गा असतील तर दोन फोल्डर करू: 'दुर्गा (बिलावल)', 'दुर्गा (खमाज)'. नंद-आनंदीचे एकच नाव ठरवायचे, दुसरे टिपेत. यात हात टेकण्यासारखे काय आहे? उलट लावताना हे फरक कळतात. भूप आणि देसकार शेजारी ठेवून ऐका. स्वर तेच पाच, आणि चाल किती वेगळी. मारवा, पूरिया, सोहनीचेही तेच. गवयाच्या फोल्डरात हे शेजार कधी घडलेच नसते.

पूर्वभाग

तुम्ही दोघेही सोलापुरात बसून निम्म्या सोलापूरला विसरलात. आमच्या घरी तेलुगू बोलतात, वडिलांचा साठा सगळा कर्नाटक संगीताचा. तिथे ना राग आधी, ना गवई. आधी कृती, म्हणजे रचना. त्यागराजांची (१७६७–१८४७) एक कृती दहा गायकांनी गायलेली असते; कृतीचा राग ठरलेला, ताल ठरलेला, रचनाकार ठरलेला. टॅगमधला 'संगीतकार' हा रकाना आमच्याकडे सगळ्यात कामाचा. त्यागराज, दीक्षितर, श्यामाशास्त्री, पुरंदरदास. पुरंदरदासांची पदे तर आमचे कानडी शेजारीही मागून नेतात.

तुमच्याकडे तो रकाना रिकामा, किंवा 'पारंपरिक' लिहिलेले. निदान मुद्रा, म्हणजे बंदिशीत गुंफलेले रचनाकाराचे टोपणनाव, तरी लिहा. बंदिशीत 'सदारंग' ऐकू आले की नियामत खाँ, 'प्रेमपिया' आले की फैयाज खाँ, 'गुणीदास' म्हणजे जगन्नाथबुवा पुरोहित, 'रामरंग' म्हणजे रामाश्रय झा. एवढे तर फुकट मिळते.

आणि सावध राहा. आमचा हिंदोलम म्हणजे तुमचा मालकंस. तुमचा हिंदोल वेगळाच. दोन्ही साठे एका डिस्कवर टाकून नुसते 'हिंद' शोधलेत तर खिचडी होईल. पद्धती दोन असतील तर साठेही दोन ठेवा.

घराणेदार

मुद्रेचा मुद्दा मान्य. नाट्यसंगीतालाही तो रकाना लागतो. 'मानापमान' १९११चे, पदे खाडिलकरांची, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, गाणारा मात्र कोणीही. तिथे नुसता राग लिहून भागत नाही.

नोंदवही

मी कचेरीत फायलींच्या नोंदी ठेवण्यात हयात घालवली, म्हणून थोडे कोरडे बोलतो. फोल्डर कोणावर, हा प्रश्न दुय्यम आहे. फाइल एकाच फोल्डरात बसते, टॅगचे रकाने मात्र कितीही करता येतात. राग, ताल, गवई, तबला, पेटी, गाव, तारीख, सगळे वेगवेगळे भरा, मग ज्यावर हवे त्यावर लावून पाहा. फूबार किंवा एमपीथ्रीटॅग या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये हे जमते. साथीदारांना 'टीप'मध्ये ढकलू नका. अप्पा जळगावकरांची पेटी असलेले सगळे एका झटक्यात समोर यावे, असे वाटण्याचा दिवस येतोच.

फ्लॅक या आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाइल-प्रकारात स्वतःचा रकाना काढता येतो, पण रकान्याचे नाव रोमनमध्येच द्यावे लागते. आतला मजकूर देवनागरी खुशाल चालतो. एमपीथ्रीच्या अगदी जुन्या टॅगमध्ये शीर्षकाला ३० जागा आणि देवनागरीची सोय नाही, तिथे प्रश्नचिन्हांची रांग दिसते. तो जुना टॅग पुसून नवा घाला.

दुसरे, 'वर्ष'. अब्दुल करीम खाँ १९३७ला गेले. सीडी बाजारात आली १९८२ला. सीडीवरून आपोआप उचललेले वर्ष तुमच्या यादीत खाँसाहेबांना निदान ४५ वर्षे जास्त जगवणार. गायनाचे वर्ष, तबकडीचे वर्ष आणि पुनर्मुद्रणाचे वर्ष असे वेगळे ठेवा. माहीत नसेल तर रिकामे सोडा, अंदाज नको. तबकडीचे वर्ष आणखी एका कारणासाठी लागते: आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढल्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. साठा कोणाला वाटायचा झाला तर तेच पाहावे लागेल.

आणि मुख्य मुद्दा, ज्यावर तुम्ही दोघे भांडताय पण थेट बोलत नाही. कॅसेटच्या कागदावर एक राग आणि कानाला दुसरा, तर टॅगमध्ये काय? माझे उत्तर: दोन रकाने. 'छापील राग' जसा छापलाय तसाच, शुद्धलेखनाच्या चुकीसकट. 'संग्राहकाचा राग' वेगळा. कागदाचा फोटोही त्याच फोल्डरात ठेवा.

घराणेदार

'संग्राहकाचा राग'! म्हणजे गवयाने मैफलीत नाव सांगून गायलेले, आणि हे घरी चादर पांघरून ठरवणार की तो राग तो नव्हेच. हा रकाना दिलात की प्रत्येक जण पंडित. गवयाने जे नाव सांगितले तेच नाव. त्याच्या घराण्यात त्याला तेच म्हणतात, म्हणूनच तर मी गवई आधी म्हणतोय.

टेपवाला

गवयाने सांगितले असेल तर प्रश्नच मिटला. पण कागद गवई छापत नाही, कंपनी छापते. बाजू अ आणि बाजू ब यांची नावे उलटसुलट छापलेल्या कॅसेटी माझ्याकडे आहेत. अ बाजूला पूरिया छापलाय आणि सुरुवातीलाच पंचम लागतो. पूरियात पंचम कुठून आला? ब बाजूचा पूरिया धनाश्री अ बाजूला गेलाय, दुसरे काय. इथेही मी छापलेलेच मानायचे? नोंदवहींचे दोन रकाने मला पटतात. यादी मात्र मी संग्राहकाच्या रागावरच लावणार. ऐकणारा मीच आहे.

कंबर_तलाव

वाद छान रंगलाय, पण तुमच्यातल्या कोणाचीही यादी नीट लागणार नाही, कारण लिहिण्याचीच एकवाक्यता नाही. 'मियाँ मल्हार' चंद्रबिंदूने लिहिलेत आणि 'मियां' अनुस्वाराने शोधलेत, तर संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. हिंदी कॅसेटवरून 'कानड़ा' उचलला की नुक्तेवाला ड आला, आणि तो संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो. डोळ्याला सारखा, शोधाला वेगळा. रोमनमध्ये बागेश्री लिहायच्या तऱ्हा तर मोजूच नका. आधी रागनामांची एक यादी करा आणि तिथूनच नक्कल करून चिकटवा, हाताने टाइप करू नका.

दुसरी गंमत बिरुदांची. 'पं.' लावला की निम्मे गवई 'प'मध्ये आणि उरलेले 'उ'मध्ये. काढला की कोणीतरी रागावते. उपाय सोपा आहे, टॅगमध्ये क्रमासाठी वेगळा रकाना असतो: वाचायला 'पं. मल्लिकार्जुन मन्सूर', क्रमाला 'मल्लिकार्जुन मन्सूर'. आडनावावर मात्र जाऊ नका. बालगंधर्व, सवाई गंधर्व, कुमार गंधर्व हे एकाच घरचे तीन भाऊ असावेत असा संगणकाचा समज होईल.

पूर्वभाग

आपोआप टॅग भरणाऱ्या पिकार्डबद्दल कोणी बोलले नाही. तो फाइलचा आवाज ओळखून म्युझिकब्रेन्झ या ऑनलाइन माहितीसाठ्यातली नोंद आणतो. बाजारातल्या सीडींना उपयोगी आहे, आणि म्युझिकब्रेन्झमध्ये राग-ताल नोंदवायची सोयही आहे, कर्नाटक आणि हिंदुस्थानी वेगवेगळी. खासगी मैफलीला मात्र तो काही ओळखत नाही, किंवा भलतेच ओळखतो. कॅसेटींवर सोडू नका त्याला.

काय_बे_सोलापूर

एवढं वाचून मी ऐकायचं कवा बे? पर एक सांगा, आलाप संपून जोड सुरू होताना मधी टुक्कन गॅप पडतंय, ते टॅगनं जातंय का?

नोंदवही

टॅगने नाही जात. एमपीथ्री बनवताना फाइलच्या आधी-नंतर थोडी शांतता चिकटते. काही प्लेयर ती गाळतात, काही नाही. फ्लॅकमध्ये ती भानगडच नाही. जागेची भीती असेल तर हिशोब सांगतो: सीडीच्या दर्जाचा एक तास म्हणजे साधारण ६३५ एमबी, फ्लॅकमध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास. आजच्या डिस्कला हे काहीच नाही. नाहीतर आलाप-जोड तोडूच नका, एकच फाइल ठेवा.

घराणेदार

टेपवाला, एक राहिलेच. तुमच्या रागवार फोल्डरात शेवटची भैरवी कुठे? सात वाजता पूरियाने बसलेला माणूस रात्री भैरवीने उठतो, ती एक सलग गोष्ट असते. तुम्ही पूरिया एका कप्प्यात, भैरवी दुसऱ्यात आणि मधला अभंग तिसऱ्यात टाकलात. मैफल राहिली कुठे? आणि त्या भैरवीत बाराही स्वर लागलेले असतात, तिला कुठल्या रागाच्या नियमात बसवणार?

टेपवाला

'भैरवी', एवढेच, नियम कोण विचारतोय. मैफलीच्या क्रमाला प्लेलिस्ट. एमथ्रीयू-आठ नावाची साधी मजकुराची फाइल, तिच्यात फाइलींचे पत्ते ओळीने. देवनागरी चालते. फाइली रागाच्या फोल्डरात, क्रम यादीत.

घराणेदार

म्हणजे फोल्डरचे नाव बदलले की पत्ता चुकला आणि यादी मेली. आणि राग कोणता हे तर तुम्ही दर महिन्याला नव्याने ठरवणार.