पी-३०० पसरट येतोय, आणि बटणाच्या वेळेशी मेळ बसत नाही

पऱ्हाटी:
आर्वीजवळच्या खेड्यात आठ चॅनेलच्या ईईजी यंत्रावर, म्हणजे मेंदूतले विजेचे बदल डोक्यावरून टिपणाऱ्या यंत्रावर, साधा प्रयोग लावला आहे. १००० हर्ट्झचा जाड आवाज ८० टक्के वेळा, २००० हर्ट्झचा बारीक २० टक्के. बारीक ऐकला की बटण दाबायचं. एकूण २०० आवाज, ब्लूटूथ स्पीकरवरून. पीझेडवर (डोक्याच्या मागच्या भागात मधोमध लावलेला इलेक्ट्रोड) बारीक आवाजानंतर ३०० मिलिसेकंदांनी टोकदार धन लाट, म्हणजे पी-३००, हवी, दिसतो नुसता फुगवटा. खोलीत कूलर चालू असतो. आणि बटण उशिरा दाबलं, तर लाटही तेवढीच मागे पडायला हवी ना?

वर्धाकाठ:
भाऊ, पहिले ब्लूटूथ काढा. त्यात आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो, तोही दर वेळी सारखा नाही. फाइलमधली आवाजाच्या वेळेची खूण एकीकडे, कानातला आवाज दुसरीकडे. बारीक आवाजाच्या अशा ४० लाटांची सरासरी काढली की टोक पुसलं जातं आणि फुगवटा उरतो. तारेचे इअरफोन लावा.

आता कूलर. मोटरमुळे ५० हर्ट्झची गुणगुण येते, आणि बंद ठेवला तर घामाने रेघ हळूहळू वर-खाली वाहते. खोली आधी गार करा, नोंदीपुरता कूलर बंद, सत्र सकाळी सातला. खेड्यात अर्थिंगचा भरवसा नाही, म्हणून लॅपटॉप बॅटरीवर, चार्जर काढलेला. आदल्या रात्री डोक्याला तेल नको. भांग पाडून त्वचा स्पिरिटने पुसा, त्वचा आणि इलेक्ट्रोडमधला रोध ५ किलोओहमच्या खाली आणा. फिल्टर ०.१ ते ३० हर्ट्झ. वाहणारी रेघ सरळ करायला खालची मर्यादा १ हर्ट्झवर नेली तर पी-३०० च खुजा होतो. हा मोह टाळाच.

संत्राबाग:
लाट आणि बटण यांचा मेळ बसलाच पाहिजे असं नाही. पी-३०० सटन आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये दाखवला. पुढे १९७७ मध्ये कुटास, मॅकार्थी, डोंचिन यांना दिसलं की 'चूक नको' अशी सूचना असली की लाटेची वेळ आणि बटणाची वेळ बऱ्यापैकी सोबत चालतात. 'घाई करा' म्हटलं की नातं सैल पडतं. घाईत ओळख पुरी व्हायच्या आतच बोट खाली जातं. म्हणजे लाट मुख्यतः 'हा कोणता आवाज' हे ठरायला लागलेला वेळ सांगते, बोटाची तयारी तिच्यात फारशी येत नाही.

करून पाहा: बारीक आवाज ११०० हर्ट्झचा करा. ओळखणं कठीण, लाट आणि बटण दोन्ही मागे सरकतील. मग आवाज पूर्ववत ठेवून बारीक आवाज कधी उजव्या, कधी डाव्या कानात द्या, आणि उजवीकडच्या आवाजाला डाव्या हाताचं, डावीकडच्याला उजव्या हाताचं बटण लावा. बटण रेंगाळेल, लाट फार हलणार नाही.

पऱ्हाटी:
हाताची तयारी वेगळी दिसेल का?

संत्राबाग:
दिसते जी. सी३ आणि सी४ (डोक्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे इलेक्ट्रोड) यांच्यातला फरक घ्या. उत्तर देणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला ऋण चढ येतो, बटण दाबण्याआधीच. त्यासाठी निम्मी उत्तरं डाव्या हाताने घ्या, नाहीतर दोन बाजूंचा मुळातला फरकच तयारी म्हणून मोजला जाईल.

वर्धाकाठ:
आणि पापण्यांची उघडझाप, तिचे झटकेही नोंदीत येतात. ±१०० मायक्रोव्होल्टच्या पुढे गेलेले नोंदीचे तुकडे गाळले की ४० पैकी २५ उरतात, म्हणून सुरुवातीलाच ३०० आवाज ठेवा.