एकाच भांड्यात स्टेक आणि पास्ता: मांस चिवट होऊ नये म्हणून काय करावे?

प्रश्न:
कामावरून परतल्यावर झटपट जेवण व्हावे म्हणून मी स्टेकचे तुकडे आणि पास्ता एकाच भांड्यात शिजवते. परंतु पास्ता शिजेपर्यंत मांस चिवट होते आणि सॉस पाणचट राहतो. क्रम कसा ठेवावा?

पहिले उत्तर:
दोन्ही एकत्र उकळणे हेच चिवटपणाचे कारण आहे. अख्खा स्टेक कागदी रुमालाने कोरडा करावा, कारण ओलसर मांस नुसते वाफाळते आणि त्याला रंग चढत नाही. मग तापलेल्या तेलात तो दोन्ही बाजूंनी तांबूस भाजून ताटलीत काढून ठेवावा. तळाशी चिकटलेला तपकिरी थर मात्र कृपया घासून टाकू नका. त्यावरच कांदा आणि लसूण परतून गरम स्टॉक (हाडे किंवा भाज्या उकळून गाळलेले पाणी) ओतला, की तो सुटतो आणि खरी चव सॉसमध्ये उतरते.

दुसरे उत्तर:
250 ग्रॅम आखूड पास्त्याला सुमारे 650 मिलिलिटर द्रव घेऊन, तो मधूनमधून ढवळत शिजवल्यास पास्त्यातील स्टार्चमुळे सॉस आपोआप दाटतो. हे पाणी निथळून टाकायचे नसल्याने मीठ बेतानेच घालावे.

तिसरे उत्तर:
स्टेकच्या मध्यभागी तापमान 63 अंश सेल्सिअस झाल्यावर तो किमान तीन मिनिटे तसाच ठेवावा आणि धाग्यांना आडवे, पातळ काप करावेत. ताटलीत साचलेला रस उकळत्या सॉसमध्ये घालावा, काप मात्र आच बंद केल्यावरच मिसळावेत.