शनिवारी पोरांना मटिल्डा दाखवायचा का? (फॅमिली ग्रुप)

वहिनी: शनिवारी सगळी पोरं आमच्याकडे आहेत, चिऊ सहाची आणि सगळ्यात मोठा बारा वर्षांचा. पिक्चर लावायचाय. मोठे म्हणतात कार्टून नको आणि चिऊला जादू पाहिजे. भुताबितांचं नको, ती रात्री झोपत नाही मग. सुचवा ना कोणीतरी

मावशी: मटिल्डा. डोळे झाकून लाव. १९९६ चा आहे, जुना, पण अजिबात जुना वाटत नाही. खरी माणसं आहेत आणि जादू पण आहे, छडी फिरवून मंत्र म्हणायची नाही, एक पुस्तकवेडी पोरगी नुसती डोळे रोखून बघते आणि वस्तू हलायला लागतात

दादा: २०२२ चा पण आहे एक, गाण्यांचा. त्यात मुख्याध्यापिका एमा थॉम्पसन झालीय

मावशी: तो स्टेजवरच्या म्युझिकलवरून केलेला, तो पण छान आहे, पण पहिल्यांदा बघणाऱ्याला मी जुनाच दाखवीन. त्यात घरातली कुचंबणा जास्त कळते

वहिनी: मुख्याध्यापिका भयंकर आहे म्हणे? चिऊचं टेन्शन आहे मला

मावशी: भयंकर आहेच, मिस ट्रंचबुल. सरळ सांगते, दोन जागा आहेत जिथे तू चिऊच्या शेजारी बसायचं. एक म्हणजे शिक्षेचं कपाट, उभं राहण्याएवढंच अरुंद आणि आत खिळे बाहेर आलेले, त्यात पोरांना कोंडते ती. आणि दुसरी, मटिल्डा आणि तिच्या बाई मिस हनी ट्रंचबुलच्या घरात गुपचूप शिरतात आणि ही बया मध्येच परत येते तेव्हा. बाकी सगळं इतकं अचाट आहे ना की भीती वाटेपर्यंत हसू येतं, एका मुलीला दोन वेण्या धरून गरागरा फिरवते आणि कुंपणापलीकडे भिरकावते, आणि ती पोरगी फुलांमधून घसरत जाते आणि उठते तेव्हा हातात फुलांचा गुच्छ

दादा: ट्रंचबुल म्हणजे पॅम फेरिस. आणि बापाचं काम डॅनी डेव्हिटोने केलंय, दिग्दर्शन त्याचंच आणि मागून गोष्ट सांगणारा आवाजही त्याचाच. आई झालीय ती ऱ्हिया पर्लमन, त्याची खऱ्या आयुष्यातली बायको

मावशी: आणि हे मला फार म्हणजे फार आवडतं. पडद्यावर तो माणूस पोरीला तू मूर्ख तू लहान असं ऐकवतोय आणि मागून त्याच माणसाचा आवाज तिची बाजू घेऊन इतक्या मायेने गोष्ट सांगतोय

मामा: अक्का मी बघितलाय तो पिक्चर. मला एक खटकलं ते बोलतो, राग मानू नकोस. ती पोरगी बापाच्या टोपीला गोंद लावते, त्याच्या केसांच्या तेलात आईचं केस पांढरट करायचं औषध घालते आणि आपण टाळ्या वाजवतो. सहा वर्षांच्या पोरीने यातून काय घ्यायचं? आईबापांवर सूड उगवायचा?

मावशी: राग कसला रे, बरोबर जागी बोट ठेवलंस. पण एक आठव, तिच्या डोक्यात हे येतं कुठून? बापच तिला दम देताना म्हणतो की वाईट वागणाऱ्या माणसाला धडा शिकवायलाच हवा. त्याला म्हणायचं होतं मुलाला, तोंडातून गेलं माणसाला. आणि ती पोरगी तो शब्द उचलते. म्हणजे नियम मोठ्यांनीच केलेला, तिने फक्त तो सगळ्यांना सारखा लावला. आणि बाप करतो काय ते पण बघ, जुन्या गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा भरतो, ड्रिल उलटं फिरवून मीटर मागे नेतो आणि गिऱ्हाइकाला फसवतो, आणि मुलगी म्हणाली हे बरोबर नाही तर तिच्यावरच ओरडतो. चिऊने यातून एवढंच घेतलं की मोठं माणूस चुकू शकतं आणि आपण ते बोलू शकतो, तर मला चालेल

मामा: बोलणं वेगळं आणि डोक्याला गोंद लावणं वेगळं

मावशी: वेगळंच आहे. पण तिचं बोलणं ऐकायला त्या घरात एक तरी माणूस आहे का सांग. हा प्रश्न पोरांना विचार पिक्चरनंतर, बघ काय काय उत्तरं येतात

आजी: अगं ती मुलगी वाचायला कोणी शिकवली मग, आईबाप असे असले तर

मावशी: कोणी नाही आजी, स्वतःच. पुस्तकात असं आहे की घरात पडलेली वर्तमानपत्रं आणि मासिकं बघून बघून तीन वर्षांची असताना तिला वाचता येतं. घरात पुस्तक एकच, स्वयंपाकाचं, ते सगळं पाठ झाल्यावर ती चार वर्षांची एकटी चालत लायब्ररीत जाते. आधी मुलांची सगळी पुस्तकं संपवते आणि मग मिसेस फेल्प्स म्हणून लायब्ररीवाल्या बाई असतात त्या तिच्या हातात डिकन्स देतात

आजी: मी पण सामान बांधून आलेल्या कागदावरचं वाचत बसायचे. आई म्हणायची कागद टाक की गं. दाखवा पोरांना हा

वहिनी: आजीने सांगितलं म्हणजे ठरलंच. मावशी पुस्तक आधी वाचून दाखवू का?

मावशी: नको. पिक्चर आधी, पुस्तक नंतर. आणि का ते नीट सांगते, कारण मला या विषयावर गप्प बसवत नाही. पुस्तक रोआल्ड डालचं, १९८८ चं, चित्रं क्वेंटिन ब्लेकची, गोष्ट इंग्लंडमधली. पिक्चरवाल्यांनी ती अमेरिकेत नेली, चालतं ते. जादू जास्त घातली, पिक्चरमध्ये बाप तिचं लायब्ररीतलं पुस्तक फाडतो, मान धरून टीव्हीकडे वळवतो आणि तिच्या नजरेने टीव्ही फुटतो, पुस्तकात पुस्तक फाडतो पण टीव्ही फुटत नाही, तिथे जादू पहिल्यांदा वर्गात होते, पाण्याचा ग्लास नुसत्या नजरेने कलंडतो आणि त्यातला पाण्यातल्या पालीसारखा प्राणी ट्रंचबुलच्या अंगावर. हे सगळं पडद्यावर बघायलाच मजा. पण शेवट वेगळा आहे आणि तो फरक साधा नाही. पिक्चरमध्ये तिची शक्ती शेवटपर्यंत राहते. पुस्तकात जाते

दादा: जाते? मला माहितीच नव्हतं हे

मावशी: जाते. ट्रंचबुल पळून गेल्यावर मटिल्डाला एकदम शाळेतल्या सगळ्यात वरच्या वर्गात घालतात आणि थोड्याच दिवसांत तिच्या लक्षात येतं की आता काहीच हलत नाहीये. मिस हनी समजावते की आतापर्यंत तुझ्या वर्गात तुझ्या डोक्याला कामच नव्हतं, ती सगळी ताकद आत कोंडून डोळ्यांतून बाहेर पडत होती, आता दुप्पट वयाच्या मुलांबरोबर शिकताना ती कामाला लागली. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले होते. म्हणजे ती जादू बक्षीस नव्हतीच रे, हुशार पोरीला कोणी विचारत नव्हतं त्याची ती वाफ होती. पिक्चर फार गोड आहे, मी दहा वेळा बघितला असेल, पण ही गोष्ट त्यात नाही आणि ती पोरांना कळायला पाहिजे

मामा: हे मात्र मला पटलं. गोंदाचं नाही पटलं

मावशी: आणि मिस हनीची गरिबी पण पुस्तकातच खरी कळते. पिक्चरमधलं तिचं घर अगदी गोजिरवाणं दाखवलंय. पुस्तकात बसायला उलटी केलेली लाकडी खोकी आहेत, आणि मटिल्डाला दिसतं की बाई ब्रेडला लोणी नाही, मार्गारिन लावतायत. त्यावरून ती ओळखते की या फार गरीब आहेत आणि काही न विचारता खाते. हे पान मी चिऊला स्वतः वाचून दाखवणार आहे, मराठीत सांगत सांगत

दादा: एक अजून. मटिल्डा झालेली मारा विल्सन, पिक्चर चालू असताना तिच्या आईला कॅन्सर होता आणि पिक्चर लागायच्या आधीच ती गेली. पिक्चर तिच्या आईला अर्पण केलाय. आणि डेव्हिटोने तो पूर्ण व्हायच्या आधीच आईला दाखवला होता, माराला हे खूप वर्षांनी कळलं

आजी: बरं केलं त्याने. आईने बघितला म्हणजे झालं

वहिनी: बघितला सगळ्यांनी!! कपाटाच्या सीनला चिऊ मांडीवर होती पण डोळे उघडे. तो मुलगा स्टेजवर सगळ्यांसमोर अख्खा चॉकलेट केक खातो आणि मटिल्डा उठून त्याला ओरडून धीर देते, तिथे ही सगळी पोरं पण उभी राहून ओरडायला लागली, मला आवाज कमी करायला लागला. मामांचा प्रश्न विचारला. बारा वर्षांवाला म्हणाला गोंद चूक आहे पण मिस हनी तिला आधी भेटली असती तर तिने लावलाच नसता

मामा: त्याला सांग मामा हरला

वहिनी: आणि मावशी, शक्ती जाते ते मी चुकून सांगून टाकलं, सॉरी. चिऊ रडवेली झालीय, विचारतेय की मग मटिल्डा रडली का

मावशी: नाही रडली, तिला बरंच वाटलं असं सांग. ती मिस हनीला म्हणते की मला काही जन्मभर चमत्कार करत बसायचं नव्हतं. शेवटच्या प्रकरणात आहे, एकविसाव्या. उद्या पुस्तक घेऊन येते, रोज एक प्रकरण धरलं तर तीन आठवड्यांत तिथे पोचू