प्रतिसाद: घरच्यांशी फोन आणि जोडीदाराचा प्रश्न

मॉर्मन (लॅटर-डे सेंट्स) चर्चच्या मिशनरींना, म्हणजे घर सोडून धर्मप्रसाराला गेलेल्यांना, वर्षातून दोनदाच, नाताळ आणि मातृदिनाला, घरी फोन करता येतो असं मूळ पोस्टमध्ये म्हटलंय. तो नियम फेब्रुवारी २०१९मध्ये बदलला. आता दर आठवड्याच्या तयारीच्या दिवशी, म्हणजे कपडे धुणं-बाजारहाट करायच्या दिवशी, फोन किंवा व्हिडिओ कॉल चालतो. एकटेपणा मात्र तेवढ्याने जात नाही, हे अगदी मान्य.

इथे कोणी न बोललेली गोष्ट जोडीदाराची, म्हणजे सोबत नेमून दिलेल्या दुसऱ्या मिशनरीची. साडेसहाला उठून साडेदहाला दिवे मालवेपर्यंत दोघं एकत्रच. जोडीदार निवडता येत नाही आणि साधारण सहा आठवड्यांनी बदली होऊ शकते. म्हणूनच साप्ताहिक नियोजनाच्या शेवटी दोघांनी एकमेकांशी मोकळेपणाने बोलायचं ठरलेलं असतं: काय चांगलं चाललंय, काय खटकतंय. हे टाळलं की भांडी कोणी घासायची यावरचा राग थेट प्रार्थनेपर्यंत पोचतो. परक्या देशात आणखी एक होतं: उशीर झाला की आधी भाषेचा अभ्यास कापला जातो, मग दारात उभं राहून पाठ केलेली वाक्यंच बोलली जातात. सकाळचं शास्त्रवाचनही त्या दिवशी भेटणाऱ्या माणसाच्या प्रश्नासाठी केलं तर मुरतं. नुसती पानं उलटून श्रद्धा वाढत नाही.