मदत हवी आहे: ब्राउझरवरचा कॉल घरात चालतो, बाहेरच्यांना नुसता काळा चौकोन

नौपाडाकर
नमस्कार. आईच्या गाण्याच्या क्लाससाठी ब्राउझरमध्येच चालणारं व्हिडिओ कॉलचं पान केलंय. लिंक उघडायची, परवानगी द्यायची, की झालं. घरातल्या दोन फोनांवर मस्त चालतं. पण खारघर आणि ऐरोलीच्या मुलींना काळा चौकोन दिसतो, आवाजही नाही. दोन रात्री यात गेल्या. शनिवारी सकाळी ७ ला क्लास आहे. काय चुकतंय?

वाशीपूल
कुठला ब्राउझर? अँड्रॉइड की आयफोन? पान एचटीटीपीएसवर आहे का? साध्या एचटीटीपीवर ब्राउझर माइक-कॅमेरा देतच नाही. लोकलहोस्टला तेवढी सूट आहे, त्यामुळे स्वतःच्या लॅपटॉपवर चालतं आणि दुसरीकडे अडतं.

तलावपाळी
राउटर बदला. आमच्याकडे सहा महिने हेच रडगाणं होतं. नवा घेतला, त्या दिवसापासून एक कॉल तुटला नाही.

घंटाळी
एवढा खटाटोप कशाला? जित्सी आहे की. तेही ब्राउझरमध्येच चालतं, मुक्त आहे आणि मुलींना खातं उघडावं लागत नाही.

नौपाडाकर
एचटीटीपीएस आहेच. क्रोम, अँड्रॉइड. मुलींना स्वतःचा चेहरा दिसतो, आईचा दिसत नाही. राउटरचा संबंध नाही हो, मुली आपापल्या घरी आहेत. जित्सी वापरून पाहिलं. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तिला स्क्रीनवर एकच मोठं बटण हवं. म्हणून स्वतः केलं.

पारसिक
स्वतःचा चेहरा दिसतो म्हणजे माइक-कॅमेरा ठीक आहे. अडतंय ते जोडणीत. मुली वायफायवर आहेत की मोबाइल डेटावर? आणि स्टन (बाहेरून दिसणारा पत्ता सांगणारा) आणि टर्न (थेट जमलं नाही की मधे राहून कॉल पुढे देणारा) सर्व्हर कोणते दिलेत?

नौपाडाकर
दोघीही मोबाइल डेटावर. हे सांगायचं राहिलं. स्टन एक फुकटचा दिलाय. टर्न नाही. लागतो का?

सानपाडा७
नाही लागत. ब्राउझरमधले असे कॉल ज्यावर चालतात ते वेबआरटीसी तंत्र म्हणजे थेट ब्राउझर ते ब्राउझर. गूगलने २०११ मध्ये खुलं केलं, २०२१ च्या जानेवारीत वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेचं अधिकृत मानकही झालं. मधे सर्व्हर आणायचा तर उपयोग काय?

पारसिक
सानपाडा७, जमेल तिथे थेट. एकमेकांचा पत्ता कळवायला तरी सर्व्हर लागतोच, तो नौपाडाकरांनी केलेला असणार. स्टन फक्त सांगतो, की बाहेरून तुमचा पत्ता आणि पोर्ट (त्या पत्त्यावरच्या दाराचा क्रमांक) कोणता दिसतो. मोबाइल कंपन्या मात्र असंख्य ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात, आणि पुष्कळदा समोरचा बदलला की पोर्टही बदलतो. मग स्टनने सांगितलेला पोर्ट कामाचा राहत नाही. घरात दोन्ही फोन एकाच वायफायवर, म्हणून ही अडचण कधी दिसलीच नाही.
नौपाडाकर, क्रोममध्ये वेबआरटीसी-इंटर्नल्स हे तपासणीचं पान उघडून कँडिडेट, म्हणजे जोडणीसाठी सुचवलेले पत्ते, बघा. होस्ट (फोनचा स्वतःचा) आणि एसआरएफएलएक्स (स्टनने सांगितलेला) असतील, रिले (टर्नचा) एकही नसेल. कोटर्न हा मुक्त टर्न सर्व्हर एखाद्या छोट्या भाड्याच्या सर्व्हरवर टाका. नेहमीचा पोर्ट ३४७८. शिवाय ४४३ वर टीएलएस (एचटीटीपीएसमागचंच एन्क्रिप्शन) ठेवा, कारण काही ऑफिसांत यूडीपी, म्हणजे कॉलची पाकिटं एरवी ज्या पद्धतीने जातात ती, बंद असतं.

कोपरीची_आई
मधेच विचारते. माझीही मुलगी ऑनलाइन शिकते. असा मधला सर्व्हर मुलींचे व्हिडिओ साठवून ठेवतो का?

पारसिक
नाही ताई. टर्न बंद पाकिटं नुसती पुढे ढकलतो. वेबआरटीसीत एन्क्रिप्शन सक्तीचं आहे आणि किल्ल्या दोन ब्राउझरांकडेच असतात.

घंटाळी
दोघांपुरतं ठीक. सहा मुली एकदम आल्या की सात जण. थेट जोडणीत प्रत्येक फोनला आपला व्हिडिओ सहा वेळा पाठवावा लागेल, फोन तापतील. जित्सी एकदाच घेऊन सगळ्यांना वाटतं. म्हणून सांगत होतो.

पारसिक
हे बरोबर. पण इथे मुलींनी एकमेकींना बघायची गरज नाही. प्रत्येकीची जोडणी फक्त आईशी ठेवा, भार आईच्याच मशीनवर येईल.

तलावपाळी
रेकॉर्डिंगसाठी मीडियारेकॉर्डर वापरा. ब्राउझरमध्येच फाइल तयार होते.

कोपरीची_आई
नौपाड्यात प्रत्यक्ष क्लासही असतो का? आम्ही जवळच राहतो.

नौपाडाकर
हो ताई, निरोप पाठवतो.
पारसिक, रिले खरंच नव्हता. कोटर्न टाकला, खारघर लागलं, ऐरोलीही! आई लॅपटॉपवर बसते, तिथे सहा जोडण्या निभतील. पण आता तानपुरा ऐकू येत नाही. पहिले काही सेकंद येतो, मग विरतो. आई म्हणते, सुराशिवाय शिकवू कसं?

वाशीपूल
ही नॉइज सप्रेशनची करामत. एकसारखा चालणारा आवाज तो पंख्याची घरघर समजून काढून टाकतो, आणि तानपुरा तर एकसारखाच वाजतो. माइक मागताना आईच्या पानावर नॉइज सप्रेशन, इको कॅन्सलेशन (स्पीकरचा आवाज माइकमधून परत जाऊ न देणं) आणि ऑटो गेन (आवाज आपोआप कमी-जास्त करणं) तिन्ही बंद करा. ओपसचा (आवाज दाबून पाठवणाऱ्या कोडेकचा) बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला जाणारा डेटा, तोही वाढवा. आईने हेडफोन लावायचे. मात्र मुलींबरोबर एकाच वेळी गायला जाऊ नका. आवाज साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत निघतो, त्यावर वाटेतला वेळ आणि पलीकडचा बफर. ताल सुटतोच. आईने गावं, मग मुलींनी.

नौपाडाकर
आत्ता करून पाहिलं. तानपुरा सलग आला! दोन मुलींकडे हेडफोन नाहीत, त्यांचं काय?

वाशीपूल
त्यांच्या पानावर इको कॅन्सलेशन चालू राहू द्या. प्रत्येक टोकाची सेटिंग वेगळी असते, आईच्या तानपुऱ्याला धक्का लागणार नाही.