जुना ४०१(के) आयआरएत टाकण्याआधी

नोकरी बदलली की जुना ४०१(के) (अमेरिकेतलं कंपनीमार्फतचं निवृत्ती खातं) सरळ आयआरएत (स्वतः उघडलेल्या निवृत्ती खात्यात) वळवा, असं या चर्चेत दोघातिघांनी सुचवलंय. त्यात एक मेख आहे. बॅकडोअर रॉथ म्हणजे कर भरलेले पैसे आधी पारंपरिक आयआरएत टाकून मग रॉथ आयआरएत (निवृत्तीत करमुक्त पैसे देणाऱ्या खात्यात) फिरवणं. ते करणाऱ्यांच्या पारंपरिक आयआरएत ३१ डिसेंबरला करपूर्व, म्हणजे अजून कर न भरलेले, पैसे नकोत, कारण दोन्ही पैसे एकत्र धरून त्याच प्रमाणात कर लागतो. समजा, तिथे ९३,००० डॉलर पडून आहेत आणि वर कर भरलेले ७,००० टाकून तेवढेच रॉथमध्ये फिरवले, तर त्यातले फक्त ४९० करमुक्त, बाकी ६,५१० वर कर! अशांनी पैसे नव्या कंपनीच्या ४०१(के)त न्यावेत. अर्थात ती योजना घेत असेल आणि तिथले फंड महागडे नसतील तर.

दुसरी गोष्ट वयाची. ज्या वर्षी वयाची ५५ पूर्ण होतात त्या वर्षी किंवा नंतर नोकरी सोडली, तर त्याच कंपनीच्या ४०१(के)तून १० टक्के दंडाशिवाय पैसे काढता येतात. आयआरएत नेले की साधारणपणे साडेएकोणसाठपर्यंत थांबा.

आणि चेक नव्या संस्थेच्याच नावे मागा, 'एफबीओ' (for benefit of, म्हणजे 'यांच्यासाठी') लिहून पुढे तुमचं नाव. थेट तुमच्या नावे निघाला तर करपूर्व रकमेतले २० टक्के कापूनच येतात. ६० दिवसांत ते कापलेलेही खिशातून भरावे लागतात, नाहीतर तेवढे पैसे काढले असंच धरलं जातं.