टॉर्मचा उजवा हात
'टॉर्म म्हणजे नुसता युद्धाचा देव' असं कुणीतरी म्हटलंय, ते मत काही पटलं नाही. टॉर्म हा डन्जन्स अँड ड्रॅगन्स या रोल-प्लेइंग खेळातला देव; खेळाच्या पाचव्या आवृत्तीत त्याच्या नावापुढे धैर्य आणि आत्मत्याग लिहिलंय. युद्ध हे फक्त डोमेन, म्हणजे त्याच्या पुजाऱ्यांना मिळणाऱ्या शक्तींचं क्षेत्र. खूण बघा ना: पांढरा चिलखती हातमोजा, तोही उजव्याच हाताचा. आणि टॉर्म ज्याच्या पदरी आहे त्या टीरला, म्हणजे न्यायाच्या देवाला, उजवा हातच नाही! (हा संबंध माझा मी लावलाय, पण जुळतो खरा.) टॅन्ट्रास शहरात बेन या जुलमाच्या देवाशी लढताना टॉर्म मेला, बेनलाही घेऊन गेला. पुढे एओने, म्हणजे सगळ्या देवांच्या वरच्या देवाने, टॉर्मला परत उठवलं. मात्र त्या लढाईच्या बळासाठी टॉर्मने आपल्याच भक्तांचे जीव घेतले, त्यांच्या संमतीने का होईना. खेळातलं माझं पात्र, टॉर्मला मानणारा पॅलाडिन (धर्मयोद्धा), अजून तिथेच अडलाय.